जुन्या कॅल्क्युलेटरची आठवण : दुरुस्ती आणि वाढ



उसाचे बिल हाती पडले की आपण आधी शेवटचा आकडा बघतो. तो कसा आला हे पडताळून पाहणारे थोडेच. मूळ दर किती, उतारा किती, तोडणी-वाहतुकीचे किती वजा झाले, हे गणित तसे अवघड नाही. पण खेपा चाळीस असल्या की बेरीज-गुणाकार करता करता माणूस कंटाळतो. एकदा रीत शिकवून ठेवली की तेच गणित हवे तेव्हा करून देणारे खिशातले यंत्र ५० वर्षांपूर्वीच निघाले. त्याला प्रोग्रॅमेबल कॅल्क्युलेटर म्हणतात.

१९८१ साली नांदेडजवळ विष्णुपुरीला श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. पुढच्याच वर्षी लातूर स्वतंत्र जिल्हा झाला. त्या सुमारास शिकलेले किंवा पाटबंधारे, बांधकाम खात्यात नोकरी केलेले कोणी आपल्या घरात असेल आणि त्यांचे असे यंत्र ट्रंकेत पडून असेल, तर ते भंगारवाल्याला देऊ नका. पुष्कळ वेळा यंत्र मेलेले नसते, त्याची फक्त आठवण गेलेली असते. ती परत आणता येते, एवढेच नव्हे तर वाढवताही येते.

आठवण टिकते कशी?

अमेरिकेच्या ह्युलेट-पॅकार्ड कंपनीने १९७४ मध्ये एचपी-६५ हे यंत्र काढले. त्यात १०० पायऱ्यांचा प्रोग्रॅम मावायचा. मात्र बटण बंद केले की सारे पुसले जाई आणि चुंबकीय पट्टीवरून पुन्हा भरावे लागे. १९७६ च्या एचपी-२५ सी मध्ये यंत्र बंद असतानाही सेलचा अगदी बारीक प्रवाह स्मृतीला मिळत राहील अशी सोय झाली. १९७९ मध्ये आले एचपी-४१ सी. हे यंत्र एवढे भरवशाचे ठरले, की एप्रिल १९८१ मध्ये अमेरिकेचे पहिले स्पेस शटल उडाले तेव्हा अंतराळवीरांनी ते सोबत नेले होते.

या यंत्राची आठवण म्हणजे पाटाच्या पाण्यावर जगणारे रोप. सेलचा प्रवाह चालू तोवर ती जिवंत. सेल बदलताना आतला कपॅसिटर थोडा वेळ धीर धरतो. त्याहून उशीर झाला की पडद्यावर ‘मेमरी लॉस्ट’ अशी अक्षरे येतात. पाटी कोरी झाली, एवढाच त्याचा अर्थ. यंत्र बिघडले असे समजू नये.

६३ खान्यांचा हिशेब

एचपी-४१ सी मध्ये मूळची ६३ रजिस्टरे असतात. रजिस्टर म्हणजे एक खाना. त्यात दहा आकडी एक संख्या मावते. प्रोग्रॅम आणि आकडे दोघांनी याच ६३ खान्यांत राहायचे. एकाला जास्त दिले की दुसऱ्याला कमी. वाटणी आपणच करायची.

आता आपल्याच बिलाचे उदाहरण घेऊ. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी ठरवली. पुढच्या दर ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे जास्त, खाली तेवढेच कमी. ९.५ टक्क्यांच्या खाली मात्र ३२९ रुपये ५ पैसे कायम. समजा उतारा ११.१० आहे. म्हणजे ०.८५ टक्के वर. साडेआठ गुणिले ३.४६ म्हणजे २९ रुपये ४१ पैसे. दर झाला ३८४ रुपये ४१ पैसे, म्हणजे टनाला ३८४४ रुपये १० पैसे. यातून तोडणी-वाहतूक वजा होते. एवढ्या गणिताचा प्रोग्रॅम सात-आठ खान्यांत बसतो. चाळीस खेपांच्या वजनाला चाळीस खाने. उरले पंधरा. पण दोन भावांच्या मिळून ऐंशी खेपा ठेवायच्या म्हटले, की ६३ खाने पुरणार कसे?

आठवण वाढवायची कशी?

यंत्राच्या वरच्या कडेला चार खाचा आहेत. त्यांत मेमरी मॉड्यूल बसते. एका साध्या मॉड्यूलमध्ये ६४ रजिस्टरे. चारही बसवली तर एकूण ३१९. पुढे कंपनीने २५६ रजिस्टरांचे ‘क्वाड’ मॉड्यूल काढले, म्हणजे एकाच खाचेत काम भागले आणि तीन खाचा मोकळ्या राहिल्या. साधी मॉड्यूले पहिल्या खाचेपासून ओळीने बसवावी, मध्ये जागा सोडू नये. बसवताना आणि काढताना यंत्र बंदच हवे. चालू यंत्रात मॉड्यूल घालणे म्हणजे चालू मोटारीच्या स्टार्टरात हात घालणे.

आपल्या यंत्रावर ‘४१ सी व्ही’ असे लिहिले असेल, तर ३१९ रजिस्टरे आतच आहेत. त्यात हे मॉड्यूल घेऊन पैसे वाया घालवू नयेत. त्याला एक्स्टेंडेड फंक्शन्सचे मॉड्यूल चालते, त्यात आणखी १२७ रजिस्टरे मिळतात. ही जादा जागा कोठीसारखी आहे. माल साठवता येतो, पण काम करायचे तर तो ओसरीवर आणावा लागतो. जुनी मॉड्यूले आता कारखान्यात बनत नाहीत, पण जुन्या मालात मिळतात. परदेशातल्या हौशी अभियंत्यांनी तर याच पेटीत बसणारा ‘४१ सी एल’ नावाचा नवा सर्किट बोर्ड तयार केला आहे.

बिघाड आणि इलाज

पहिला शत्रू म्हणजे आत राहून गेलेले सेल. आपल्याकडच्या उन्हाळ्यात, पत्र्याच्या खोलीत, सेल लवकर फुटतात. आतला क्षार पितळी पट्ट्या आणि तांब्याच्या बारीक रेषा खातो. सेल आधी काढा. कापसाचा बोळा लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये भिजवून पांढरी पूड पुसा. मग ओल्या बोळ्याने, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नीट वाळू द्या. रेष तुटली असेल तर कारागीर बारीक तार डाग देऊन जोडू शकतो.

दुसरा शत्रू ढिला जोड. आतले काही भाग डाग देऊन जोडलेले नाहीत, ते स्क्रूच्या दाबाने एकमेकांना टेकलेले आहेत. स्क्रू ज्या प्लॅस्टिकच्या खुंट्यांत बसतात त्या जुन्या झाल्या की तडकतात. दाब गेला की आठवण गेली. मग स्क्रू कितीही पिळा, उपयोग नाही. तडकलेली खुंटी इपॉक्सीने सांधावी लागते. हे स्क्रू तळाच्या रबरी पायांखाली दडलेले असतात.

तिसरी गोष्ट अंगातल्या विजेची. हिवाळ्यात स्वेटर काढताना ठिणगी उडते, तेवढीसुद्धा आतल्या चिपला मारू शकते. काम सुरू करण्यापूर्वी जमिनीशी जोडलेल्या धातूला हात लावावा. यंत्र चालू होत असेल, तर उघडण्यापूर्वी आतला प्रोग्रॅम कागदावर उतरून घ्यावा.

एवढा खटाटोप कशाला?

कोणी म्हणेल, हे सगळे मोबाईलवर होते की! होते, जरूर होते. पण मोबाईल दुसऱ्याने लिहिलेली रीत चालवतो आणि आतले काही दाखवत नाही. या यंत्रात रीत आपण लिहायची, खाने आपण वाटायचे. शाळा-कॉलेजातल्या पोराला संगणकाची स्मृती म्हणजे काय, हे याहून सोप्या रीतीने शिकता येणार नाही. आणि बापाच्या उसाचे गणित मुलीने-मुलाने स्वतः रचून ताडून पाहिले, तर घरातल्या सगळ्यांनाच बिल कळू लागेल. कारखान्यावर विश्वास असावाच, पण आकडा आपल्यालाही काढता यावा. सहकारात सभासद मालक आहे, आणि मालकाला हिशेब कळलाच पाहिजे.

म्हणून सभासदांनी जुन्या ट्रंका एकदा उघडून बघाव्यात. यंत्र सापडले तर आज दुसरे काही जमले नाही तरी चालेल, पण आतले सेल तेवढे लगेच काढून ठेवावेत.