चेरीचा हंगाम आणि एक वाढदिवस

ट्रॅव्हर्स सिटी (मिशिगन), जुलै

मिशिगन सरोवराच्या एका उपसागराला दुभागीत, ओल्ड मिशन नावाची जी अरुंद चिंचोळी भूमी उत्तरेकडे पाण्यात शिरली आहे, तिच्यावरील एका बागाइतदाराच्या घरी सध्या माझा मुक्काम आहे. पंचेचाळिसाव्या अक्षवृत्ताजवळच्या या मुलखात नाजूक फळझाडे तगतात, याचे श्रेय सरोवराला आहे. ते हिवाळ्यात सावकाश थंड होते, म्हणून गारठ्याची धार बोथट होते. आणि वसंतात सावकाश तापते, सबब कळ्या उमलण्याची घाई करीत नाहीत व शेवटच्या हिमातून बहुधा बचावतात. १८५२ साली पीटर डॉहर्टी या प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशकाने येथे चेरीची झाडे लावली. आज अमेरिकेतील आंबट चेरीच्या उत्पन्नाचा सुमारे पाऊण हिस्सा एकट्या मिशिगन राज्यातून येतो.

या आंबट चेरीची येथील मुख्य जात माँमोरेन्सी. साल तांबडीलाल, आतला गर फिका पिवळसर, आणि देह इतका कोवळा की दूरचा प्रवास तिला सोसत नाही. यंत्र झाडाचे खोड कवेत धरून काही क्षण गदगदा हलवते, फळे खाली पसरलेल्या कापडावर पडतात, थंड पाण्याच्या हौदात जातात आणि तेथून कारखान्यात. ताजी आंबट चेरी हाती लागायची ती अशा बागांच्या आसपास, जुलैच्या मोजक्या आठवड्यांत.

माझ्या यजमानांचा जन्म याच आठवड्यांतला. वाढदिवसाला केक कापणे हा या देशाचा सार्वत्रिक दस्तूर आहे. परंतु त्या दिवशी काय रांधायचे हे ज्याचा दिवस त्याने सांगावे, असाही एक रिवाज पुष्कळ घरांत आढळतो. यजमानांनी लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी चेरीची पाई मागितली, आणि त्यानंतर त्यांना पुन्हा विचारण्याची गरज यजमानीण बाईंना कधी पडली नाही.

परवा पहाटेच बाई बागेतून बादलीभर चेरी तोडून आल्या आणि एक केसांचा आकडा त्यांनी माझ्या हाती दिला. त्याचे वळलेले टोक देठाच्या जागी खुपसून हलकेच फिरवले की फळ न चिरता बी अलगद बाहेर येते. तासाभरात माझे हात मनगटापर्यंत रसाने माखले होते. बाईंचे मात्र बोलता बोलता दुप्पट काम उरकले होते. त्यानंतर त्यांनी मैदा घेतला. आपल्याकडे करंजीच्या पिठाला कडकडीत मोहन घालतात. येथे नियम नेमका उलटा, लोणी घट्ट गार हवे. ते मैद्यात बोटांच्या टोकांनी चुरायचे, पण पुरते मिसळू द्यायचे नाही. वाटाण्याएवढे कण शिल्लक ठेवून बर्फाच्या पाण्याने पीठ जेमतेम गोळा करायचे. ओव्हनच्या धगीत त्या कणांतील पाण्याची वाफ होते, ती पिठाचे थर उचलते, आणि पापुद्रे सुटतात. खालची पोळी नऊ इंची थाळीत बसवून तीत साखर व कॉर्नफ्लोअर लावलेली चेरी भरली आणि वर बाज विणावी तशी पट्ट्यांची जाळी विणली. पाऊण तासाहून अधिक भाजल्यावर जाळीच्या मध्यावर रस दाट होऊन संथ बुडबुडू लागला, तेव्हाच बाईंनी थाळी बाहेर काढली. आणि रस आळेपर्यंत आणखी चार तास तिला कोणी सुरी लावायची नाही, असे फर्मान निघाले.

त्या चार तासांत त्यांनी मला २०१२ सालची हकिकत सांगितली. त्या वर्षी मार्चमध्येच अकाली ऊन तापले, सरोवराचा बंदोबस्त अपुरा पडला, कळ्या फुगल्या, आणि एप्रिलच्या हिमाने राज्यातील आंबट चेरीचे नऊ-दशांशांहून अधिक पीक बुडवले. यजमान बागेत जाईनासे झाले होते. वाढदिवसाच्या दिवशी त्यांच्यापुढे पाई आली, तेव्हा चेरी कोठून आणलीस, एवढेच त्यांनी विचारले. बाईंनी आदल्या हंगामातील फळांचा एक डबा शीतपेटीत तळाशी जपून ठेवला होता.

संध्याकाळी जाळीच्या एका घरात एकच मेणबत्ती रोवली गेली, मुलानातवंडांनी गाणे म्हटले, आणि पहिला तुकडा यजमानांच्या बशीत पडला. त्यांनी डोळे मिटून घास घेतला आणि बाईंकडे पाहून नुसती मान हलवली. या लोकांत औक्षण नाही आणि नवराबायकोत चारचौघांत स्तुतीची भाषाही फारशी नाही. पण दुसऱ्याची आवड वर्षानुवर्षे ध्यानात ठेवून तिची आगाऊ तजवीज करणे, या रीतीने येथे माया व्यक्त होते, असे मला तेथे बसून वाटले.

मंडळी पांगल्यावर मी बशा विसळीत होतो. बाईंनी बिया काढलेल्या उरल्या चेरी एका डब्यात भरल्या, झाकण दाबून बसवले आणि त्यावर जाड अक्षरांत यंदाचे साल लिहिले.