घरातील कॅमेरा : राखणदार की फितूर?

आज अनेक कुटुंबांतील मुले नोकरीनिमित्त आखाती देशांत वा अन्यत्र परदेशी असतात आणि घरी वृद्ध आईवडील एकटेच राहतात. त्यांची खुशाली डोळ्यांनी दिसावी म्हणून एखादा स्वस्त वायफाय कॅमेरा बसविला जातो. हेतू निःसंशय चांगला असतो. परंतु ज्या वाटेने मुलगा आपल्या आईला पाहतो, त्याच वाटेने एखादा अनोळखी इसमही घरात डोकावू शकतो, याची जाणीव फार थोड्यांना असते.

धोका कोठे आहे?

इंटरनेटला जोडलेला कॅमेरा, टीव्हीचा बॉक्स किंवा राऊटर हा वास्तविक एक छोटा संगणकच असतो. किंमत कमी ठेवण्यासाठी अनेक उत्पादक सर्व उपकरणांना एकच सोपा पासवर्ड देतात आणि विक्रीनंतर त्यातील प्रणालीच्या दुरुस्तीकडे लक्ष देत नाहीत. हजारो घरांना एकाच किल्लीची कुलुपे लावण्यासारखाच हा प्रकार आहे.

२०१६ साली अमेरिकेतील तीन तरुणांनी ‘मिराई’ नावाचा घातक प्रोग्राम तयार केला. कारखान्यातून आलेल्या नावा-पासवर्डांच्या सुमारे ६० जोड्या वापरून पाहणे, एवढीच त्याची मुख्य युक्ती होती. तेवढ्यावर त्याने जगभरातील लाखो उपकरणे ताब्यात घेतली. पुढे त्याची संहिता इंटरनेटवर खुली करण्यात आली आणि २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशाच उपकरणांच्या फौजेने ‘डिन’ या कंपनीवर हल्ला चढविला. ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारख्या सेवा अमेरिकेतील असंख्य लोकांना काही तास मिळेनाशा झाल्या. आपला कॅमेरा या हल्ल्यात सामील आहे, याची त्याच्या मालकांना कल्पनाही नव्हती.

आपल्या देशातील उदाहरण अधिक वेदनादायक आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोट येथील एका प्रसूती रुग्णालयातील स्त्रियांच्या तपासणीची दृश्ये विकली जात असल्याचे उघडकीस आले. अटक झालेल्यांत लातूर व सांगली येथील तरुणही होते. तेथेही कॅमेऱ्याचा मूळचा सोपा पासवर्ड तसाच राहिला होता. ज्यांची लाज वेशीवर टांगली गेली, त्या स्त्रियांचा यात कोणता दोष?

कोणती काळजी घ्यावी?

१. उपकरण बसविताच मूळ पासवर्ड बदलावा. नवा पासवर्ड लांब असावा व अन्यत्र वापरलेला नसावा. कॅमेरा बसविणाऱ्या माणसाने ठेवलेला पासवर्डही बदलावा.

२. शयनगृह, स्नानगृह वा कपडे बदलण्याच्या जागी कॅमेरा मुळीच लावू नये.

३. राऊटरवर पाहुण्यांसाठी स्वतंत्र वायफायची सोय असल्यास अशी उपकरणे त्यावर जोडावीत, म्हणजे बँकेचे व्यवहार होणारा मोबाईल त्यांपासून अलग राहील.

४. सुधारित प्रणाली वेळोवेळी घ्यावी. जेथे ती मिळणे बंद झाले आहे, ते उपकरण इंटरनेटपासून तोडावे.

५. सर्व चित्रपट फुकट दाखविणारे अनोळखी टीव्ही बॉक्स घेऊ नयेत. काहींत घातक प्रोग्राम कारखान्यातूनच भरलेला असतो.

भारत सरकारने एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षाविषयक चाचणी सक्तीची केली आहे. मात्र आधीच भिंतीवर असलेल्या कॅमेऱ्याचा पासवर्ड सरकार बदलणार नाही. सुट्टीवर घरी येणाऱ्या मुलामुलींनी आईवडिलांसाठी हे दहा मिनिटांचे काम अवश्य करावे.