दहाव्या गल्लीतली मुलं

मुलांनो, शर्टाची डावी बाही जरा वर करा बघू. दंडावर एक छोटासा गोल व्रण दिसतो का? ती बीसीजीच्या लशीची खूण. तुम्ही जन्मलात तेव्हा क्षयरोगाविरुद्ध ती टोचली होती. (व्रण नसेल तरी घाबरू नका, काहींना तो उठत नाही.) नऊ महिन्यांचे झालात तेव्हा आणखी एक टोचणी झाली असेल, गोवराची. आजची गोष्ट तिची आहे.

२०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात मुंबईत गोवराची साथ आली. तिचा सर्वांत मोठा तडाखा गोवंडीला बसला. गोवंडी म्हणजे देवनारच्या कचरा डेपोलगतची दाट वस्ती. एकेका खोलीत सहा-सात माणसं, कुठे खालीच जरीकामाचा कारखाना. तिथली काही चिमुकली मुलं दगावली. तुमची आजी म्हणेल, "आमच्या वेळी सगळ्यांनाच गोवर यायचा, त्यात काय एवढं?" पण गोवरामागून न्यूमोनिया येतो, जुलाब लागतात. पोटभर खायला न मिळालेल्या बाळाला ते झेपत नाही.

बरं, ही लस काही महाग नाही. १९८५ पासून ती सरकारी कार्यक्रमात आहे, महापालिकेच्या दवाखान्यात फुकट टोचतात. मग ही मुलं राहिली कशी?

फुकट असणं वेगळं आणि हाती पडणं वेगळं. लशीला २ ते ८ अंश थंडावा लागतो. गोवराच्या एका बाटलीत बऱ्याच बाळांचे डोस असतात आणि बाटली उघडली की ४ तासांत संपवावी लागते, नाहीतर फेकायची. म्हणून अनेक ठिकाणी लसीकरणाचा वार ठरलेला असतो. आता रोजंदारीवरची आई त्या वारी खाडा करून रांगेत उभी राहिली, तर त्या दिवसाची मजुरी गेली. रात्री टोचणीने बाळाला ताप आला, तर दुसरा दिवसही गेला. शिवाय भाड्याची खोली बदलली, गावी जाऊन आले, की आरोग्यसेविकेच्या यादीतून नाव निसटतं. २०२० च्या टाळेबंदीत तर कित्येक बाळांची टोचणी राहूनच गेली. कुणी लशीला घाबरून नाही म्हणतात, हेही खरं. पण मला वाटतं, त्या आईला 'अडाणी' म्हणून मोकळं होणं फार सोपं आहे. तुमच्याआमच्या घरी डॉक्टरकाकांचा फोन येतो, बाबा अर्धी रजा काढतात आणि त्यांचा पगार कापला जात नाही.

आता एक गणित. गोवर झालेलं एक मूल, आसपास कुणीच लस घेतलेली नसेल, तर १२ ते १८ जणांना गोवर देतं. त्याच्या खोकल्यातले विषाणू ते निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत राहतात. म्हणून साथ रोखायची तर शंभरातल्या ९५ मुलांना दोन्ही डोस मिळायला हवेत.

समजा एका गावात दहा गल्ल्या आहेत. प्रत्येकीत १०० मुलं. नऊ गल्ल्यांत सगळ्यांना लस मिळाली, दहावीत फक्त ५० जणांना. एकूण किती? हजारात ९५०. म्हणजे बरोब्बर ९५ टक्के! मी हे फळ्यावर मांडलं तेव्हा वर्गाने टाळ्या वाजवल्या. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "बाई, पण ती पन्नास मुलं एकाच गल्लीत राहतात ना?" शाब्बास! गोवर काही सरासरी बघून येत नाही. तो दहाव्या गल्लीत शिरतो.

साथीनंतर गोवंडीत आरोग्यसेविका घरोघर फिरल्या. पाच वर्षांखालच्या मुलांना जादा डोस दिले, वस्तीतल्या वडीलधाऱ्यांची, धर्मगुरूंची मदत घेतली. हे साथीच्या आधी का होऊ नये?

कारण आपल्याला ते जमतं, हे पोलिओने दाखवलंय. १९९५ मध्ये देशभर पल्स पोलिओ सुरू झाला. बूथवर जे आले नाहीत त्यांच्या घरी स्वयंसेवक गेले. रेल्वे स्टेशनांवर, वीटभट्ट्यांवरही गेले. घरातल्या सगळ्या बाळांना डोस मिळाला की दारावर खडूने 'पी' लिहायचं. एखादं राहिलं तर फुली. आणि फुलीच्या दाराशी पुन्हा जायचं, मिळेपर्यंत जायचं. १३ जानेवारी २०११ ला हावड्यात एका मुलीला पोलिओ झाल्याचं आढळलं, तो नैसर्गिक (वाइल्ड) विषाणूच्या पोलिओचा देशातला शेवटचा रुग्ण. गोवराला थेंब चालत नाहीत, सुई टोचणारी प्रशिक्षित ताई आणि बर्फाची पेटी लागते, म्हणून हे काम जास्त अवघड आहे. पण ती पेटी वस्तीत, संध्याकाळी कामावरून परतलेल्या आईच्या वेळेला नेता येतेच की.

आज आईकडून तुमचं लसीकरणाचं कार्ड मागून घ्या. गोवराच्या पुढे दोन तारखा हव्यात, दुसरी १६ ते २४ महिन्यांमधली. घरी कामाला येणाऱ्या मावशींचं किंवा समोरच्या बांधकामावरचं एखादं बाळ असेल, तर जवळच्या दवाखान्यातला लसीकरणाचा वार आईबाबांना त्यांना सांगायला लावा. कार्ड हरवलंय, पत्ता दुसऱ्या गावचा आहे, म्हणून लस नाकारत नाहीत. गोवराचे राहून गेलेले डोस पाच वर्षांपर्यंत तिथे फुकट मिळतात.