दगडाला एक, चिखलाला दुसरा! ऑफ-रोड टायरच्या 9 भन्नाट गोष्टी

ऑफ-रोडिंगचा नाद लागला की आधी विंच येतो, मग दणकट बंपर, मग टपावर लाइटची रांग. टायरचा नंबर लागतो सगळ्यात शेवटी. पण जमिनीला टेकतात ते फक्त टायरच! म्हणून दुकानात जाण्याआधी हे वाचा.

1. सगळ्यात स्वस्त अपग्रेड: हवा काढणं
डांबरी रस्त्यावर साधारण 30 ते 35 पीएसआय हवा लागते. खडकावर चढताना जाणकार ती 15-18 पर्यंत उतरवतात. टायर मऊ पडतो आणि दगडाच्या कंगोऱ्याला लपेटून धरतो. गंमत म्हणजे टायर बसला की त्याचा जमिनीवरचा ठसा रुंदीपेक्षा लांबीत जास्त वाढतो. खर्च शून्य! मात्र डांबरावर परतताच हवा भरायलाच हवी. कमी हवेचा टायर वेगात तापतो आणि फुटू शकतो.

2. टायरला बोल्टचा पहारा
हवा फारच उतरवली, तर टायरची कडा रिमवरून निसटते. त्यावर उपाय म्हणजे बीडलॉक. टायरची बाहेरची कडा रिम आणि लोखंडी कड्याच्या मध्ये धरून गोलाकार बोल्टनी आवळतात. मग 10 पीएसआयच्या खाली गेलं तरी चालतं. ट्यूबवाल्या टायरची हवा मात्र इतकी काढू नका. टायर रिमवर सरकला की ट्यूबही ओढली जाते आणि व्हॉल्व्ह मुळापासून फाटतो.

3. घोडा घसरला, जीप चढली
अमेरिकेतल्या युटा राज्यात मोआब गावाभोवती वालुकाश्माचे प्रचंड उतार आहेत. घोड्यांचे लोखंडी नाल त्यावर घसरायचे. रबर मात्र असं चिकटतं की भिंतीसारख्या चढावर गाड्या सावकाश चढून जातात. 1967 पासून तिथे ‘ईस्टर जीप सफारी’ भरते. कोरड्या खडकावर जिंकतं ते मऊ रबर, दणकट साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) आणि दगडाला भरपूर टेकणारं ट्रेड (टायरवरची नक्षी).

4. चिखलात गणित उलटं
इथे ट्रेडच्या रबरी ब्लॉकइतकीच त्यांच्या मधली मोकळी जागा, म्हणजे खाचा, महत्त्वाच्या. खाचा चिखलाने भरल्या की भारीतला टायरही गुळगुळीत होतो आणि चाक जागीच फिरत राहतं. म्हणून मड-टेरेन, म्हणजे एमटी टायरच्या खाचा रुंद असतात आणि चाक फिरताना चिखल भिरकावून स्वतःला साफ करतात. खडकावर मुंगीच्या पावलाने जायचं, चिखलात चाक फिरतं ठेवायचं. ऐन पावसाळ्यात गोव्यात 2014 साली रेनफॉरेस्ट चॅलेंज ही ऑफ-रोड स्पर्धा सुरू झाली, तिथे याच खाचांची परीक्षा होते.

5. रुंद की अरुंद?
वर वीतभर चिखल आणि खाली कडक जमीन असेल, तर अरुंद टायर चिखल कापत थेट तळ गाठतो. चिखलाला तळच लागत नसेल, तर रुंद टायर वजन पसरवतो आणि गाडी वर राहते. आधी काठी खुपसून पाहा, मग ठरवा.

6. ट्रॅक्टरच्या बाणाला दिशा असते
ट्रॅक्टरच्या मागच्या टायरवरचे तिरके लग, म्हणजे रबराच्या उंच पट्ट्या, बाणासारखे मांडलेले असतात. टोक आधी जमिनीत शिरतं आणि चिखल दोन्ही बाजूंना ढकलला जातो. टायर उलटा बसवला, तर चिखल मधोमध गोळा होतो. काही मड टायरही असेच एका दिशेचे असतात. बसवताना साइडवॉलवरचा बाण बघा. भाताच्या चिखलणीत तर रबरही कमी पडतं, तिथे लोखंडी केज व्हील लावतात.

7. छोटा रिम, मोठा फायदा
नव्या थारचे दोन साइज घ्या: 245/75 आर 16 आणि 255/65 आर 18. मोठा रिम रुबाबदार दिसतो खरा, पण हिशेब करा: पहिला आकडा मिमीमधली रुंदी, दुसरा म्हणजे तिच्या किती टक्के साइडवॉल. पहिल्याची साइडवॉल सुमारे 184 मिमी, दुसऱ्याची 166. दगडावर हवा काढून दबायला पहिल्यात जास्त रबर मिळतं. आणखी एक हिशेब: टायरचा व्यास 2 इंच वाढवला, तरी गाडी उचलली जाते फक्त 1 इंच!

8. आवाज फोडणारे ब्लॉक
एमटी टायर हायवेवर घोंघावतात. सगळे ब्लॉक एकाच मापाचे असते, तर एकाच सुराची शिट्टी कानात घुमली असती. म्हणून कंपन्या मुद्दाम लहान-मोठे ब्लॉक आलटून-पालटून बसवतात आणि आवाज अनेक सुरांत विखुरतो.

9. मंगळासाठीही चाक बदलावं लागलं
2012 मध्ये मंगळावर उतरलेल्या क्युरिऑसिटी रोव्हरची अॅल्युमिनियमची चाकं वर्षभरातच टोकदार दगडांनी भोसकली. तिथे पंक्चरवाला कुठून आणणार? नासाच्या इंजिनिअरांनी धडा घेतला. 2021 मध्ये उतरलेल्या पर्सिव्हरन्सच्या चाकांचा पत्रा जाड केला, पकडीच्या पट्ट्या 24 वरून 48 वर नेल्या आणि नागमोडीऐवजी हलक्या वळणाच्या केल्या. जमीन बघून चाक ठरतं, हा नियम पृथ्वीपुरता नाही!

आता दुकानात शिरा
महिन्यातून एखादाच रविवार चिखलात जात असेल, तर ऑल-टेरेन म्हणजे एटी टायर पुरे. दर आठवड्याला रुतणार असाल, तर एमटी घ्या. खडकच आवडत असेल, तर साइडवॉलमध्ये किती थर आहेत ते विचारा. दुकानातल्या जाहिरातीपेक्षा साइडवॉलवरचे चार आकडे वाचा: 2324 म्हणजे 2024 च्या 23 व्या आठवड्यातला टायर. उरलेल्या पैशांत प्रेशर गेज आणि छोटा कॉम्प्रेसर घ्या. आणि कास पठारासारख्या नाजूक सड्यांवर चाक घालूच नका. ठरलेल्या वाटेवरच जा. तिथेही दगड आणि चिखल भरपूर आहेत!