फळबागेतील रानवनस्पती आणि मशागतीच्या पद्धती

नांदेड व लातूर जिल्ह्यांत झाडांखेरीज हिरवे पान दिसत नाही, अशी बाग उत्तम राखलेली समजली जाते. या समजुतीत तथ्य आहे, कारण तण पिकाच्या वाट्याचे पाणी व अन्न घेते. तथापि सर्व हिरवळ एकाच मापाने मोजणे योग्य नव्हे. तणांच्या सरसकट उच्चाटनाने तणे नाहीशी होत नाहीत; त्यांचे प्रकार तेवढे घटतात, आणि मागे उरतात ती बहुधा सर्वांत चिवट असतात.

वखराच्या पाळीने तांदुळजा, कुंजरू, कुर्डू यांसारखी बियांपासून येणारी कोवळी रोपे मरतात. परंतु लव्हाळ्याच्या जमिनीतील गाठी, हरळीच्या काशा आणि खोल काळ्या रानातील कुंदा यांना वारंवारची पाळी अपायापेक्षा उपकारकच ठरते. तुटलेल्या प्रत्येक तुकड्यास नवा कोंब फुटतो व तो बागभर ओढला जातो. तणनाशकाची गोष्ट निराळी. ग्लायफोसेट हिरव्या पानांतून शोषले जाऊन बहुतेक वनस्पती मारते. मात्र केना त्यास सहज दाद देत नाही. हा केना जमिनीखालीही फुले व बी धरतो, म्हणून फवारलेल्या बागेत पुढे त्याचेच रान माजू शकते.

तिसरी पद्धत कापणीची. दोन ओळींमधील हिरवळ विळ्याने अगर यंत्राने कापून जागेवरच पसरावयाची. मुळे जमिनीत राहतात, बुटक्या व पसरणाऱ्या वनस्पतींना ऊन मिळते आणि कोणा एका जातीची मक्तेदारी होत नाही. भूमध्य समुद्राकाठच्या ऑलिव्हच्या बागांतील अभ्यासांतही नांगरलेल्या वा फवारलेल्या बागांपेक्षा हिरवळ कापून राखलेल्या बागांत वनस्पतींचे प्रकार साधारणतः अधिक आढळले आहेत. तेथील उतारांवर उघडी माती पावसाने वाहून जाते. आपल्याकडील डोंगरउतारावरच्या सीताफळाच्या व आंब्याच्या बागांची अडचण याहून फारशी वेगळी नाही. १९९० मध्ये रोजगार हमी योजनेशी फळबाग लागवडीची सांगड घातली गेल्यानंतर अशा हलक्या जमिनी मोठ्या प्रमाणावर बागांखाली आल्या.

अर्धापूर परिसरातील केळीच्या बागांत स्थिती वेगळी असते. लागवडीनंतरचे पहिले काही महिने ओलाव्यावर घोळ, केना, तांदुळजा जोमाने वाढतात. पुढे केळीच्या पानांची गर्द सावली पडली की तणांचा जोर आपोआप ओसरतो. खरी काळजी त्या आरंभीच्या काळातच घ्यावयाची. कोणत्याही फळबागेत लहान झाडाचे आळे निखालस स्वच्छ असावे, यात सवलत नाही. कोरडवाहू बागेतील हिरवळही पाऊस सरण्यापूर्वी कापून आच्छादन म्हणून अंथरावी, नाहीतर ती हिवाळ्यातील ओल पिऊन टाकते.

गाजरगवत मात्र या सर्व विचारातून वगळले पाहिजे. पुणे परिसरात १९५० च्या दशकात आढळलेले हे परदेशी तण आता सर्वत्र आहे. त्याने भरलेली बाग दुरून हिरवीगार दिसते खरी, पण तेथे वनस्पतींची विविधता नसते. ते फुलावर येण्यापूर्वी हातमोजे घालून मुळासकट उपटावे.

याच बागांतून व बांधांवरून मजूर स्त्रिया पाथरी, घोळ, कुंजरू, तरोटा खुडून नेतात. त्यांच्या घरची पावसाळ्यातील भाजी ती हीच. फवारणी केव्हा झाली हे त्यांना सांगितले जातेच असे नाही, आणि फवारा मारलेले पान पहिल्या दिवशी नेहमीसारखेच टवटवीत दिसते. केंद्र शासनाने २०२२ मध्ये ग्लायफोसेटच्या वापरावर निर्बंध घालणारी अधिसूचना काढली. फवारलेल्या बागेच्या तोंडाशी खुणेचे फडके बांधण्याची रीत पंचायतीने घालून दिल्यास त्यास खर्च काहीच नाही.

जैवविविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती लोकजैवविविधता नोंदवही तयार करते. तीत बागेतील व बांधावरील वनस्पतींनाही स्थान आहे. शिक्षकांनी एक मीटर लांब-रुंद लाकडी चौकट करून वखरलेल्या, फवारलेल्या व कापणीच्या अशा तीन बागांत ती प्रत्येकी दहा ठिकाणी टाकावी आणि आतील वनस्पतींचे प्रकार विद्यार्थ्यांकडून मोजून घ्यावेत. ही मोजणी भाद्रपदात एकदा व पौषात एकदा व्हावी, कारण पावसाळ्यातला कुर्डू आणि हिवाळ्यातली चाकवत एकाच भेटीत सापडत नाहीत. स्थानिक नावे गावातील वृद्ध स्त्रियांना विचारूनच लिहावीत.