जुन्या मोटारीचे पथ्यपाणी

गेल्या दिवाळीतली गोष्ट. वसुबारसेच्या सकाळी आम्ही सहकुटुंब पुण्याहून वाईला निघालो होतो. सहकुटुंब म्हणजे मी, आमची मंडळी, धाकटी कन्या, फराळाचे तीन डबे आणि वडिलांनी १९८३ साली घेतलेली आमची पद्मिनी. खंबाटकीचा घाट अर्धा चढलो असू-नसू, तोच कन्या मागून म्हणाली, "बाबा, पेट्रोलचा वास येतोय."

"जुन्या गाडीला येतोच थोडा," मी म्हणालो.

"अहो, थोडा नाही, चांगला येतोय. आधी गाडी बाजूला घ्या पाहू!" हा हुकूम मोडण्याची माझी प्राज्ञा नव्हती, हे नशीबच म्हणायचे. बॉनेट उघडून पाहतो तर कार्ब्युरेटरकडे जाणारी रबरी नळी जागोजाग तडकलेली, आणि तिच्यातून पेट्रोल तापलेल्या एंजिनाच्या अंगावर थेंब थेंब गळते आहे. मुलीला आणि डब्यांना रस्त्यापलीकडे नेऊन उभे केले तेव्हा माझे हात कापत होते. गाडीत आग विझवण्याचे नळकांडे नव्हते, हेही त्याच वेळी आठवले.

गाडी दोरखंडाने बांधून परत आणली. आमच्या मिस्तरींनी ती नळी दोन बोटांत धरून वाकवली. पापडासारखी मोडली! ते म्हणाले, "साहेब, गाडी जुनी आहे, पण पेट्रोल नवं आहे. तुम्ही दोघांची ओळखच करून दिली नाही."

या एका वाक्यात सारे आले. आपल्याकडे २०२५ पर्यंत पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याची मजल गाठली गेली. इथेनॉल म्हणजे मद्यार्क. आपल्याकडे ते उसापासून होते, धान्यापासूनही होते. एप्रिल २०२३ पासून निघालेल्या गाड्यांचे रबर त्याला टिकेल अशा बेताने बनवलेले आहे. पण चाळीस वर्षांपूर्वीच्या रबराला हा पाहुणा सोसत नाही. ते आधी फुगते, मग वाळून तडकते. नळी, पेट्रोलपंपाचा पडदा, कार्ब्युरेटरमधली वायसरे, सगळ्यांची तीच कथा. शिवाय इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. पावसाळाभर गाडी झाकून ठेवली की पाणी टाकीच्या तळाशी बसते आणि पत्रा गंजतो. टाकीतला जुना गाळही सुटून फिल्टरमध्ये अडकतो.

तेव्हा पहिले पथ्य असे की साऱ्या नळ्या आणि पंपाचा पडदा एकदाच बदलून घ्यावा. दुकानात जाऊन नुसती 'पेट्रोलची नळी' मागू नये; इथेनॉलला टिकणारी, फ्लोरो-रबराची मागावी. थोडी महाग पडते, पण घाटात उभे राहण्यापेक्षा स्वस्त.

दुसरी गोष्ट मायलेजची. लिटरमागे इथेनॉलची उष्णता पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी. त्यामुळे जुन्या गाडीचे मायलेज सहा-सात टक्क्यांनी उतरले तर पंपवाल्याशी भांडू नये. नव्या गाडीत मिश्रण आपोआप सावरले जाते. आमच्या कार्ब्युरेटरला ही अक्कल नाही. पेट्रोल कमी आणि हवा जास्त पडून एंजिन सकाळी कुरकुरते, चढावर अडखळते. अशा वेळी प्लग काढून रंग पाहावा. फिकट तपकिरी असेल तर ठीक. पांढराफटक असेल तर जेट एक नंबर मोठा बसवायला सांगावे.

आता माझा स्वतःचा मूर्खपणा. मी कित्येक महिने गाडीला जादा ऑक्टेनचे महागडे पेट्रोल पाजत होतो, म्हाताऱ्याला च्यवनप्राश द्यावे तसे! ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. दाब वाढला तरी पेट्रोलने अवेळी पेट घेऊ नये, एवढाच त्याचा अर्थ. आमच्या १०८९ सी. सी.च्या एंजिनात मिश्रण जेमतेम आठाला एक एवढेही दाबले जात नाही. तिथे शंभर ऑक्टेनचा उपयोग काय? साधे पेट्रोल पुरते.

शिसेवाल्या पेट्रोलबद्दल हळहळणारे अजून भेटतात. १ फेब्रुवारी २००० पासून ते देशभर बंद झाले, आणि मुलांच्या मेंदूच्या दृष्टीने बरेच झाले. शिशामुळे व्हॉल्व्हच्या बैठका झिजत नसत, हे खरे. पण त्यासाठी बाटलीतली औषधे ओतण्यापूर्वी टॅपेटची फट मोजत जावी. दर खेपेस ती कमी भरू लागली, तर बैठक खचते आहे असे समजावे आणि हेड उतरवताना कठीण धातूच्या बैठका बसवाव्या.

एंजिनऑइलच्या बाबतीत मात्र आमच्या शेजाऱ्यांनी घोळ केला. त्यांच्या नव्या गाडीत 'झीरो डब्ल्यू ट्वेंटी' तेल पडते. तेच त्यांनी मला आग्रहाने सुचवले. पहिला आकडा थंडीतल्या पातळपणाचा, दुसरा एंजिन तापल्यावरच्या जाडीचा. नव्या एंजिनात भागांमधल्या फटी अगदी बारीक, म्हणून पातळ तेल. जुन्यात फटी मुळातच मोठ्या, त्यात झीज. पातळ तेल तिथून निसटते, दाब उतरतो आणि बेअरिंगे कोरडी पडतात. पुण्या-मुंबईच्या हवेत २०डब्ल्यू-४० हे साधे मिनरल तेल आमच्या गाडीला मानवते. सिंथेटिक वाईट असे नव्हे. वाईट तो पातळपणा. आणखी एक मेख आहे. जुन्या एंजिनाच्या कॅमला तेलातल्या जस्त-फॉस्फरसचे पांघरूण लागते. आधुनिक पातळ तेलांत फॉस्फरसवर मर्यादा घातलेली असते. २०डब्ल्यू-४० सारख्या जाड ग्रेडला ती लागू नाही.

तेल काळे झाले म्हणून घाबरू नये. मळ धुतला जातो आहे, एवढेच. मात्र गाडी फिरो न फिरो, सहा महिन्यांनी ते बदलावे. आणि डिपस्टिक काढली की नुसती पाहू नये, हुंगावी. पंपाचा पडदा फाटला तर पेट्रोल तेलात उतरते, ते पातळ होते, आणि पातळी खाली न येता वर चढते. तेल वाढले म्हणून खूश होणारे महाभाग मी पाहिले आहेत.

आमच्या घरी हे हुंगण्याचे काम आता कन्येकडे आहे. दर रविवारी ती बॉनेट उघडते, काठी नाकाशी धरते आणि "बाबा, ठीक आहे," असे ओरडून सांगते. यंदा वाईचा बेत पुन्हा ठरला आहे. फराळाच्या डब्यांशेजारी आग विझवण्याचे लाल नळकांडे आहे.