खुनी जन्माला येतो की घडतो?



१९६८ सालचा मुंबईचा पावसाळा जुन्या माणसांच्या अजून स्मरणात असेल. उपनगरांतल्या झोपड्यांत आणि फुटपाथवर झोपलेल्या गोरगरिबांच्या डोक्यात रात्री कोणीतरी घाव घालून त्यांचे प्राण घेत होते. लोक काठ्या घेऊन रात्रभर पहारा देत. अखेर ऑगस्ट महिन्यात फौजदार अलेक्स फियालो यांनी एका इसमाला पकडले. त्याचे नाव रामन राघव. रमाकांत कुलकर्णी यांच्या देखरेखीखाली तपास झाला आणि त्याने अनेक खुनांची कबुली दिली. १९६५-६६ साली झालेले खूनही त्यात होते.

असा माणूस होतो तरी कसा? ‘राक्षस होता’ म्हणून आपण विषय संपवतो. पण तेवढ्याने पुढचा अनर्थ टळत नाही.

आजाराची बाजू

खालच्या कोर्टाने रामन राघवला फाशी सुनावली. पुढे उच्च न्यायालयाच्या आदेशाने तीन मनोविकारतज्ज्ञांनी त्याला तपासले. त्यांना आढळले की हा माणूस फार काळापासून स्किझोफ्रेनिया नावाच्या मनाच्या आजाराने पछाडलेला आहे. जगे दोन आहेत, एक ‘कानून’चे आणि एक हे, आणि आपण कानूनचे प्रतिनिधी आहोत, असे तो ठामपणे मानी. लोक आपले पुरुषपण हिरावून घेऊ पाहतात, असाही त्याला संशय होता. फाशी रद्द होऊन जन्मठेप झाली. १९९५ साली पुण्याच्या ससून रुग्णालयात तो मूत्रपिंडाच्या विकाराने मरण पावला. या आजारावर औषधे तेव्हाही होती. पण ती त्याच्यापर्यंत पोचली इतके जीव गेल्यावर.

बालपणाची बाजू

दुसरे उदाहरण अमेरिकेतले. एडमंड केम्पर लहान असताना आई-वडील विभक्त झाले. हा बहिणींना इजा करील या भीतीने आई त्याला रात्री तळघरात कोंडून ठेवी. पोरवयातच त्याने घरची मांजरे मारली. १९६४ साली, पंधराव्या वर्षी, त्याने आजी-आजोबांना गोळ्या घातल्या. त्याला मनोरुग्णालयात ठेवले, १९६९ साली सोडून पुन्हा त्याच आईच्या घरी पाठवले. १९७२-७३ मध्ये त्याने आठ जणींचे खून केले. त्यांत त्याची आईही होती. या वेळी मात्र कोर्टाने त्याला शहाणा ठरवून जन्मठेप दिली.

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. त्याच आईच्या हाताखाली त्याच्या बहिणीही वाढल्या. त्या खुनी झाल्या नाहीत. मार खाल्लेली, उपेक्षेत वाढलेली लाखो मुले पुढे नेकीने संसार करतात. मनाच्या आजाराचेही तसेच. असे बहुतेक रोगी कोणाच्या वाटेला जात नाहीत. उलट इतरांचा त्रास तेच सोसतात. आजार, दुखावलेले बालपण, एकटेपणा, जोडीला दारू किंवा डोक्याला झालेली इजा अशा अनेक गोष्टी एकत्र आल्या आणि वेळीच कोणी लक्ष दिले नाही, तर क्वचित कोठे असा माणूस घडतो. यातली कोणती गोष्ट खून करवील, हे आधी सांगता येत नाही. वेळीच लक्ष देणे मात्र आपल्या हाती आहे.

घरात काय पाहावे?

पोराने एकदा कुत्र्याला दगड मारला म्हणून घाबरू नये. पण जनावरांना वारंवार हाल करून मारणे, मुद्दाम आग लावणे, दुसऱ्याच्या रडण्याने काहीच न वाटणे, असे दिसले तर चाबूक काढू नका. पोराला जवळ घ्या, घरात त्याला कोणी छळते का ते शोधा, आणि डॉक्टरांना दाखवा.

तरण्या मुलाला किंवा मुलीला कोणी नसताना आवाज ऐकू येऊ लागले, जेवणात विष घातले आहे असे वाटू लागले, झोप उडाली, अंघोळ-कपड्यांची शुद्ध राहिली नाही, तर ती बाहेरची बाधा नव्हे. वाड्यावस्त्यांवर फिरताना गोठ्याशेजारच्या खोलीत साखळीने बांधलेला तरुण मी पाहिला आहे. घरच्यांनी देवऋष्यापायी बैल विकला होता, पण दवाखान्याची पायरी चढली नव्हती. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रोग्याला साखळीने बांधण्यास मनाई आहे.

जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात चौकशी करावी. ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथे सरकारी मनोरुग्णालये आहेत. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही फुकट सल्ला मिळतो. औषध सुरू झाले की बरे वाटताच ते आपल्या मनाने बंद करू नये. पुष्कळांचा आजार तेथेच उलटतो.

पानावर ठिपका दिसला की आपण त्याच दिवशी कृषी सहायकाला गाठतो. घरातल्या माणसासाठी तेवढीच घाई करावी, एवढेच सांगणे.